निम्मी माती, निम्मं खत

"सारं रान पडलं हाये अन् तू डब्यात काहून लावून राह्यली वं?" जमनाबाईनं विचारलं आणि ती इतकी हसली की तिला ठसकाच लागला.

हसण्यासारखंच होतं ते. किन्हीराजा गावाच्या अलीकडं माळावर बसलेला हा तांडा. घरामागं पाऊल टाकलं की माती, पुढं टाकलं की माती. आणि तिची नात रुचिका कुठून कुठून रंगाचे रिकामे डबे, फुटका माठ, तेलाचा पिपा गोळा करून आणत होती, खिळ्यानं त्यांच्या बुडाला भोकं पाडत होती आणि बाहेरची तीच माती आत भरत होती. का? तर पुस्तकात कुंडी लिहिली आहे म्हणून!

पुस्तक शाळेतलं. माणिकराव सरांनी वर्गात एक पेटी आणून ठेवली होती. तिच्यात पाखरांची, किड्यांची, झाडांची पुस्तकं. रुचिकाच्या वाट्याला बागेचं आलं. गुळगुळीत कागद, वर टोपी घातलेली पोरगी आणि तिच्या हातात झारी. 'लहानांनी वाचावं, मोठ्यांनीही वाचावं' असं वरच छापलं होतं, म्हणून रुचिका संध्याकाळी चुलीपाशी बसून दादीला मोठ्यानं वाचून दाखवी. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून जमनाबाईचे गुडघे गेले होते, पण मातीबद्दल असं लाडाकोडाचं बोलणं तिनं कधी ऐकलं नव्हतं. गांडूळ आपला मित्र आहे म्हणे! घ्या! "वाच, वाच," ती म्हणायची. आणि चित्रं पाहताना तर नातीपेक्षा आजीच लहान व्हायची.

"हा पाह्य, तरोटा!"

"तरोटा नाई दादी. टाकळा लिवलं हाये."

"टाकळा कायचा? जन्मापासून त्याची भाजी खाऊन राह्यली म्या. तरोटा हाये तो."

"आपण म्हणतो तरोटा. पण खरं नाव टाकळा."

खरं नाव! एवढंसं कार्टं, पण बोलणं पाहा. तसा तिचाही दोष नव्हता. मागं परीक्षेत एका चित्राखाली तिनं 'सांबार' लिहिलं, तर सरांनी लाल रेघ मारून 'कोथिंबीर' करून दिलं. "पुस्तकातलं सांबार वेगळं असतं बेटा, ते इडलीसोबत खातात," सर प्रेमानंच म्हणाले होते. माणूस वाईट नव्हे. पण पोरीनं मनाशी गाठ मारली ती मारलीच. घरातला शब्द चुकीचा, पुस्तकातला खरा. आणि तांड्यावर जुनी माणसं बोलत ती बंजाऱ्यांची गोरमाटी, घरात आणि बाजारात बोलायची ती वऱ्हाडी, आणि पुस्तकातली बोली या दोन्हींच्या वर, साहेबासारखी खुर्ची टाकून बसलेली. हळूहळू जमनाबाईनंही ते मानलं. आपल्या अडाण्याला काय कळतं मेलं?

पण डब्यांचा हा सगळा खटाटोप हौसेचा नव्हता. दिवाळी आली की तांड्यात मुकादमाचा ट्रक येतो आणि भांडीकुंडी, बकऱ्या, लेकरं, सगळं भरून ऊसतोडीला नेतो. जमनाबाईचा लेक किशन आणि सून सुकेशनी दरवर्षी जात. रुचिका आजवर दादीजवळ राहून शाळा शिकली. यंदा मात्र तिला भाऊ झाला होता, बबलू. अजून रांगायलाही न लागलेलं लेकरू. आईबाप फडात कोयता चालवणार, मग त्याला पाहणार कोण?

"रुचिकाले नेतो यंदा," किशन म्हणाला.

"अन् शाळा?"

"शाळा काय पळून चालली, याडी?" किशन आईला म्हणाला.

शाळा नाही पळत, पोरी निसटतात. तांड्यातून अशी एकदा गेलेली पोरगी परत येऊन बाकावर बसलेली जमनाबाईनं पाहिली नव्हती. आधी बाळ सांभाळायचं, मग मोळ्या बांधायच्या, मग तिच्याच हातात कोयता आणि गळ्यात कुणाच्या तरी नावाचे मणी. सुकेशनीची कहाणी तीच. म्हणून म्हातारी हट्टाला पेटली. पोरीला नेऊ देणार नाही म्हणजे नाही!

किशन वैतागला. "राशनच्या गव्हा-तांदळावर तू एकटी कशीबशी राह्यते. पोरीच्या ताटात काय वाढशीन? नुस्तं मीठ?"

तेव्हा रुचिकाच मधे बोलली. "बा, भाजी मी पिकवीन."

किशन हसायला गेला आणि त्याला डब्यांतून वर आलेली बरबटीची, म्हणजे चवळीची, रोपं दिसली. हिरवीगार, माना वर केलेली. लेकीवर त्याचा जीव होता, कसायाच्या काळजाचा नव्हता तो. "बरं," तो म्हणाला. "ट्रक येईस्तोवर हे येल कुडावर चढले, तर राह्य तू. बबलूचं पाहू काहीतरी. तुह्या मावशीले विचारू." हसतहसत दिला असला तरी तो बापाचा शब्द होता.

मग काय विचारता! पोरगी उठल्याबरोबर डब्यांशी, शाळेतून आल्याबरोबर डब्यांशी. जमनाबाईनं कुडाला काड्या रोवून सुतळ्या बांधून ठेवल्या. तिनं मनात शेंगा तोडून, निवडून, फोडणीलाही टाकल्या होत्या.

आणि ते पान आलं. रोपांना चार पानं फुटली की ती मोठ्या कुंडीत हलवा, असं त्यात होतं. रुचिकानं पुढं वाचलं, "कुंडीत निम्मी माती आणि निम्मं खत भरा."

"शेणखत असन," जमनाबाई म्हणाली. "गोविंदसिंगच्या उकिरड्यावरून टोपलंभर आणू."

रुचिकानं पुन्हा बोट ठेवून वाचलं. "शेण नाई लिवलं दादी. खत लिवलं हाये."

आता तांड्यात खत म्हणजे काय, हे शेंबडं पोरही सांगेल. खत म्हणजे दुकानातलं, पोत्यातलं, पांढऱ्या दाण्याचं. शेणाचं असेल त्याला शेणखत म्हणतात, नुसतं खत कुणी म्हणत नाही. आणि किशननं बटाईच्या वावरात पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, देऊन उरलेलं युरियाचं पोतं घराच्या कोपऱ्यात उभंच होतं.

जमनाबाईनं पोत्यावर हात ठेवला. चिमूटभर टाकायची वस्तू ती, तीही बुडापासून दूर.

"बापा बापा! जळन वं सारं. चिमटीभर टाक."

"निम्मं लिवलं हाये."

"छापणाऱ्याची चूक झाली असन."

"छापलेलं चुकते का कधी?" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू त टाकळ्यालेबी तरोटाच म्हणत होती."

त्या वाक्यानं म्हातारीचा हात पोत्यावरून निघाला. लिहिणारा शिकलेला, गांडुळाच्या पोटात काय चालतं तेही त्याला ठाऊक, आणि आपण कोण लागून गेलो? शिवाय पोरीचं वाचणंच तर वाचवायचं होतं. तिनं वाचलेलं खोटं आहे, असं आपल्याच तोंडानं कसं म्हणायचं?

"कर माय," ती म्हणाली. "तुह्या पुस्तकाले जास्त कळते."

पोरीनं गिलासानं मोजून भरलं, एक मातीचा, एक खताचा. रोपं अलगद उचलून लावली. पाणी जमनाबाईनं स्वतःच्या हातानं घातलं.

दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. रुचिकाला वाटलं, तहानली असतील. तिनं आणखी पाणी घातलं. मग पानं गुंडाळली, मग देठ काळे पडले, मग रोपांनी माना टाकल्या त्या टाकल्याच. शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली, सर आपल्या गावी मेडशीला गेलेले. विचारायचं कुणाला? पोरगी डब्यांपाशी उकिडवी बसून पुस्तकाची तीच ओळ पुन्हापुन्हा वाचत होती. जमनाबाईला ते बघवेना. तिनं गुपचूप उरलेलं बी घेतलं आणि कुडाच्या बुडाशी, साध्या जमिनीत, मूठभर शेणखत घालून टोचलं. देवा सेवालाल, एवढं उगव रे बाबा लवकर, म्हणाली.

उगवलं. ट्रक आला त्या सकाळी जमिनीतून नुसती पानं डोकावत होती. कुडाची सुतळी वर तशीच मोकळी.

किशननं डब्यांकडं पाहिलं. 'मी म्हटलंच होतं' असं तरी म्हणाला असता, तर जमनाबाईला भांडता आलं असतं. त्यानं फक्त रुचिकाच्या कपड्यांची पिशवी उचलून ट्रकमध्ये टाकली. रुचिका बबलूला कडेवर घेऊन उभी होती. लेकरू जड होतं, ती एका बाजूला वाकली होती.

"पुस्तक सरांले देजो दादी," ती म्हणाली. "माह्या हाताले यश नाई."

"असं बोलू नाई वं माय."

पण ट्रक सुरू झाला होता, आणि म्हातारीचं बोलणं त्या धुरात कुणाला ऐकू येणार?

शाळा उघडल्यावर जमनाबाई पुस्तक पदराखाली घेऊन गेली. वर्गात निम्मे बाक रिकामे. तिनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी पान उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो जमनाबाई, खत म्हणजे शेणखतच की! नाहीतर पालापाचोळा कुजवून करतात ते. शहरातल्या माणसाचं पुस्तक हे. त्याच्या गच्चीवर युरियाचं पोतं कुठून येणार?"

"मले मालूम होतं," जमनाबाई म्हणाली.

एवढंच म्हणाली आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली. सरांनी पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

इकडं कुडावरचा वेल मात्र असा माजला की विचारू नका. सुतळी संपली तरी चढत राहिला, आणि थंडी भरात येईपर्यंत शेंगांचे घोस लोंबायला लागले. दोघींना पुरून उरल्या असत्या. जमनाबाईनं त्यातली एक शेंग तोडली नाही. तिला फक्त पोरीला सांगायचं होतं. किती दिवस ती शेजारच्या प्रेमसिंगच्या मागं लागली होती, तेव्हा कुठं त्यानं त्याच्या मोबाइलवरून किशनला फोन लावून दिला.

"रुचिका, ऐक वं माय," ती घाईघाईनं बोलली. "तुहा हात चांगला हाये. ते शेणखतच होतं. सर म्हणाले. म्या जमिनीत लावलेला येल कुडावर चढला पाह्य, शेंगाच शेंगा! तुही चूक नाई काही."

तिकडं वारा आणि कुणाचं तरी ओरडणं ऐकू येत होतं.

"तुले पयलेच मालूम होतं, दादी?"

"हो माय. म्या म्हटलं नव्हतं का?"

"म्हटलं होतं," रुचिका म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "मंग माहं कायले आयकलं? एक झापड काहून नाई मारली मले?"

तिकडं बबलूनं भोकाड पसरलं, सुकेशनीनं दुरून हाक मारली आणि फोन कटला. प्रेमसिंगनं मोबाइल घ्यायला हात पुढं केला, तरी म्हातारी तो कानाशीच धरून बसून राहिली.