थोरलीची जन्मतारीख

डबा महिनाभर कपाटावर पडून होता. आत रिकाम्या नळ्या, त्यांवर चिकटवायची लेबलं आणि परतीचं पाकीट. रक्त घ्यायचं आणि त्याच दिवशी टपालाने लॅबला धाडायचं, एवढंच काम. पण धाकटीचा हात काही तिकडे जाईना. थोरली ज्या आजाराने गेली तो रक्तातून उतरतो, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि या घरात थोरलीचं सगळं धाकटीकडेच उतरत आलं होतं. फ्रॉक, दप्तर, सायकल, आता तर खोलीसुद्धा. मग आजारानेच काय घोडं मारलं होतं?

शेवटी तिने घरी येऊन रक्त घेणाऱ्यांना फोन लावले. पहिला म्हणाला, दुसऱ्या लॅबच्या डब्याला आम्ही हात लावत नाही. दुसरीकडे नुसतं गाणं वाजत राहिलं. तिसरीकडची बाई मात्र गोड बोलली. "येऊ ना. पत्ता आधीचाच ना?"

थोरलीसाठी इथूनच माणूस यायचं, हे धाकटी साफ विसरली होती. "आधीचाच," ती कशीबशी म्हणाली, आणि वेळ मुद्दाम सकाळची मागितली. आई तेव्हा फिरायला जाते. आईला कळू द्यायचं नव्हतं. थोरलीनेही आपल्या आजाराबद्दल तिच्याकडून तसंच वचन घेतलं होतं, आणि ते तिने शेवटपर्यंत पाळलं होतं.

त्यानंतर तिला खोलीत एकटीला बसवेना. पाठीमागे पलंगावर थोरली भिंतीकडे तोंड करून पडलीय, असं सारखं वाटायचं. वळून बघायचा धीर होत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

रक्त घेणारी ताई आली ती नेमकी तीच, पूर्वीची. तिने न विचारता खिडकीजवळची खुर्ची ओढली, थोरली बसायची ती. धाकटीच्या दंडाला पट्टा आवळत म्हणाली, "लेबलवर लिहायचंय. नाव आणि जन्मतारीख सांगा."

धाकटीने नाव स्वतःचं सांगितलं आणि तारीख थोरलीची. आजारपणात दवाखान्याच्या प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक फोनवर तीच सांगून जिभेला वळण पडलं होतं. पण आता तिला वाटलं, हे आपण नाही, थोरली बोलली आपल्या तोंडून. चूक कळत होती, तरी तोंड उघडेना.

"ती थोरलीची," दारातून आवाज आला. आई उभी होती, पायात अजून चपला. तिने धाकटीची तारीख सांगितली. "नीट लिहा हो. नाहीतर पोरीला परत टोचावं लागेल."

"तू फिरायला नाही गेलीस?"

"कोपऱ्यापर्यंत गेले. कपाटावरची धूळ कोण पुसतं या घरात? मला काय दिसत नाही होय?"

सुई गेली. शीर एका फटक्यात सापडली. थोरलीची कधीच अशी चटकन सापडायची नाही. धाकटीला हायसं वाटलं, आणि वाटल्याची लगेच लाजही वाटली.

नळ्या पाकिटात घालून लॅबचा कागद भरताना ताईने विचारलं, "निकाल कुणाच्या फोनवर येऊ दे?"

"माझ्या," आई म्हणाली, आणि तिने धाकटीचा मोकळा हात घट्ट धरला. "थोरलीचं सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. शेवटचे दिवस मी तिला नीट जेवत नाहीस म्हणून रागावत बसले."

धाकटीने मान खाली घातली आणि ताईला आईचा नंबर सांगितला.