उभ्यानं खाल्लेलं

माझं वजन एकसष्ट किलो आहे. गेली दोन वर्षं ते एकसष्टच आहे. कधी अर्धा किलो इकडं, कधी अर्धा किलो तिकडं. तरीही मी रोज काय खाल्लं ते वहीत लिहिते, आणि ज्याला हे बघवत नाही त्यानं दुसरीकडं बघावं. एवढ्या ठसक्यात सांगायचं कारण असं, की मध्ये दोन महिने मी सगळ्यांचं ऐकून लिहिणं सोडलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

सव्वातीन वर्षांपूर्वी मी त्र्याऐंशी किलोची होते. दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. खाली माझे यजमान गणपत साड्या विकतात, वर माळ्यावर मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. माळ्याचा जिना अठरा पायऱ्यांचा. गुडघे असे धरायचे, की नवव्या पायरीवर मी बसकण मारायची आणि वरून बायकांनी हाक मारली की तिथूनच "आले, आले" म्हणून ओरडायची. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा नाहीतर गुडघे बदला. ऑपरेशन मला नको होतं, म्हणून मी कोप्पीकर रोडवर आहार सांगणाऱ्या स्वातीकडं गेले.

स्वाती माझ्या मुलाच्या वयाची. तिनं सांगितलं, आठ दिवस खाल ते लिहा. मी इमानेइतबारे लिहिलं. सकाळी चहा, एक वाटी उप्पीट. दुपारी दीड भाकरी, पालेभाजी, थोडा भात. रात्री एक भाकरी, आमटी. तिनं वही वाचली, मिटली आणि म्हणाली, "अक्का, एवढ्यावर त्र्याऐंशी किलो होत नाहीत."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "म्हणजे मी खोटं लिहिते होय?"

"खोटं नाही हो. तुम्ही बसून खाल्लेलं लिहिलंय. आता उभ्यानं खाल्लेलं लिहून आणा."

घरी येईपर्यंत मी तिला मनात शिव्या घातल्या. मग त्याच दिवशी दुपारी ओट्याशी उभी असताना माझा हात मला दिसला. त्या हातात माझ्या मुलानं, ओंकारनं, टाकलेली अर्धी भाकरी होती, आणि ती मी गणपतच्या ताटातल्या आमटीभाताबरोबर खात होते. माझं स्वतःचं जेवण तासाभरापूर्वीच झालं होतं. भूक म्हणाल तर नावाला नव्हती.

आमच्या घरात पुरुषानं ताट चाटूनपुसून उठायचं नाही, थोडं ठेवून उठायचं, अशी रीत. ती कुणी सुरू केली ते गणपतलाही ठाऊक नाही. त्याचे वडील ठेवायचे, म्हणून तो ठेवतो. सासूबाई सासऱ्यांच्या त्याच ताटात जेवायच्या, म्हणून रीत चालून जायची. माझ्या लग्नानंतर ताटं वेगळी झाली, एवढी सुधारणा झाली खरी. पण ठेवायचं ते पुरुष ठेवतच राहिले, आणि अन्न टाकायचं नाही हा धाक मात्र माझ्यापुरता राहिला. मग मी ते आवरताना तोंडात टाकायची. पातेल्याच्या तळाची आमटी, सकाळची इडली, चहाबरोबर आणलेल्या मिरची भज्यांमधलं गार झालेलं एक. जेवण म्हणून मी ते कधी मोजलंच नव्हतं. भांडी घासण्याआधीचं ते एक काम होतं.

आठ दिवस ते सगळं लिहिलं. स्वातीनं बेरीज केली. मी रोज दोन नाही, तीन जेवणं जेवत होते, आणि त्या तिसऱ्या जेवणातलं एकही पान मी माझ्यासाठी वाढून घेतलेलं नव्हतं. तिच्या टेबलासमोर बसून मी रडले. तिनं पाण्याचा पेला पुढं केला आणि म्हणाली, "एवढंच सोडा, अक्का. बाकी भाकरी खा पोटभर."

एवढंच सोडलं. रोज उरलेलं मागच्या दारी येणाऱ्या गाईला घालू लागले. गणपत कुरकुरला, "गाईला एवढं कशाला घालतीस ग?" मी कानाडोळा केला. वहीत दिसतं म्हणून हात आवरला जायचा; तोंडाकडं नेलेला घास लिहावा लागणार या विचारानं परत ताटात जायचा. चौदा महिन्यांत बावीस किलो उतरले. अठरा पायऱ्या मी एका दमात चढायला लागले, आणि आमच्या पेठेत माझ्या आजारपणाच्या बातम्यांना ऊत आला. कुणी साखर म्हणालं, कुणी त्याहून वाईट. मी सगळ्यांना पुरून उरले.

तर असं सगळं ठीक चाललं होतं. गेल्या फेब्रुवारीत ओंकारचं लग्न झालं. सून दीपश्री, धारवाडच्या सप्तापूरची, कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. हसरी, कामाला चटपटीत. मला आत्या म्हणते, गणपतला मामा. ती आल्याच्या पहिल्याच आठवड्यात जेवणानंतर मी वही काढली आणि गणपतनं कपाळाला हात लावला.

"वनिता, आता पुरे की. नवी सून घरात आलीय. तिला वाटेल, सासू घासन् घास मोजते."

"माझे घास मोजते. तुमचे नाही."

"वजन उतरलं, गुडघे बरे झाले. आता कशाला लिहायचं? साकु माडू," तो म्हणाला. घरात वाद तुटेपर्यंत ताणायचा नसला की तो कानडीत 'पुरे कर' म्हणतो.

ओंकारनंही री ओढली. "आई, आयुष्यभर लिहिणार आहेस काय? खरंच आवरलं असेल तर न लिहिताही आवरेल की."

हे मात्र मला लागलं, कारण मलाही तीच शंका होती. आणि खरं सांगू? मला कंटाळाही आला होता. लग्नाच्या पंगतीत बायका पोळ्या हाणत असताना मी पदराआड वही धरून "एक पोळी, दोन चमचे तूप" लिहीत बसले होते. स्वातीला विचारलं तर तीही म्हणाली, "दोन वर्षं टिकलंय, अक्का. सोडून बघा. आठवड्याला एकदा काट्यावर उभं राहा, बास."

पाडव्याला मी वही कपाटात ठेवली.

आणि मजा आली! उगाच खोटं कशाला बोलू? जेवून उठायचं आणि विसरून जायचं, हे सुख मला आठवतच नव्हतं. त्यात दीपश्री म्हणाली, "आत्या, जेवणानंतरचं मी आवरते. तुम्ही बसा." आवराआवर तिच्याकडं गेली. मी आरामात बडीशेप चघळत पेपर वाचायला लागले. मेच्या शेवटी काट्यावर उभी राहिले, तर एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम.

गणपतनं तर जिंकल्यासारखा हात उडवला. "बघ! मी काय सांगत होतो? त्या वहीत काही नव्हतं."

मलाही तसंच वाटलं. एवढी वर्षं मी उगाच कागद काळे केले, असं मी स्वतःच्या तोंडानं त्याला म्हणाले. पुढच्या चार दिवसांत ते शब्द मला गिळावे लागले.

दीपश्री माळ्यावर आली ती हातात ब्लाउज घेऊन. लग्नातला, मीच शिवलेला, मोरपंखी. "आत्या, माहेरी वास्तुशांत आहे. याच्या बाजू जरा उसवून देता? घट्ट होतोय."

मी टेप घेतली. पावणेदोन इंच कमी पडत होता. फेब्रुवारीत शिवलेल्या ब्लाउजला मेमध्ये पावणेदोन इंच! ती ओशाळून हसली आणि म्हणाली, "लग्न मानवलंय मला, सगळे म्हणतात. पण आत्या, मी काही जास्त खात नाही हो. तुम्ही बघता की." मी बघत होते. तिच्या ताटात दीड भाकरी असायची, भात जेमतेम. हेच मी स्वातीला वहीत लिहून दाखवलं होतं.

त्या दुपारी पेपर बाजूला ठेवून मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. दीपश्रीची पाठ माझ्याकडं होती. एका हातानं ती पातेलं घासायला काढत होती आणि दुसऱ्या हातानं गणपतच्या ताटातला भात खात होती, भराभर, चव न घेता. शेजारी ओंकारची अर्धी भाकरी होतीच. मागच्या दारी गाय उभी होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

माझं वजन का वाढलं नाही, ते मला कळलं. मी सुधारले नव्हते. मी फक्त खुर्चीवर जाऊन बसले होते, आणि माझी जागा एका पोरीनं घेतली होती, जिला कुणी ती दिलीही नव्हती. मला स्वतःचाच राग आला, आणि मी तशीच मागं फिरले.

वही कपाटातून काढली. दुसरा दिवस रविवार होता. चौघंही दुपारी जेवायला बसलो. भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, आमटीभात. मी जेवणाआधीच वही ताटाशेजारी ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.

"हे काय? परत?" गणपत म्हणाला.

"परत."

"अग, वजन तर वाढलं नाही!"

"माझं नाही वाढलं," मी म्हणाले आणि जेवायला लागले.

त्याला काही कळलं नाही. जेवण झालं. त्यानं नेहमीसारखा पुन्हा दोन डाव भात घेतला, त्यावर आमटी ओतून घेतली, निम्मा खाल्ला आणि ताट सारून उठायला लागला. ओंकारच्या ताटातही अर्धी भाकरी होती, मोडून ठेवलेली. दीपश्री उठली. तिचे हात आपोआप दोन्ही ताटांकडं गेले.

"ताटं राहू दे," मी म्हणाले. "अहो, बसा. तो भात संपवा."

"पोट भरलं ग."

"माझंही भरलंय. दीपश्रीचंही भरलंय. मग हा भात कुणाच्या पोटात घालायचा?"

"गाईला घाल, नाहीतर फ्रिजमध्ये ठेव! सुट्टीच्या दिवशी काय लावलंयस हे?" त्याचा आवाज चढला. ओंकार "आई, आई" करत मध्ये पडायला लागला, तर मी त्यालाही त्याची भाकरी दाखवली. खरं म्हणजे मी घाबरले होते. सत्तावीस वर्षांत या माणसाला मी ताटावरून उठताना कधी अडवलं नव्हतं. जेवणावरून तो चिडला की दोन-दोन दिवस बोलत नाही, हेही मला ठाऊक होतं. पण आज मी हटले असते, तर त्या पोरीला अजून सत्तावीस वर्षं कुणी हटकलं नसतं.

आणि तेवढ्यात दीपश्रीच हळूच म्हणाली, "आत्या, असू दे की. मी खाते. एवढासा तर आहे."

एवढासा तर आहे! हे शब्द माझे होते. सासूबाईंसमोर, गणपतसमोर, आल्यागेल्यांसमोर मीच ते म्हणत आले होते, असंच हसून. माझे डोळे भरले आणि ते मी लपवले नाहीत.

"नाही," मी म्हणाले. "तू खायचं नाहीस. मीही खाणार नाही. आणि गाईला घालायलाही तू उठणार नाहीस. ज्यानं वाढून घेतलंय, त्यानं बघावं."

मी तिचा हात धरून तिला माझ्याशेजारी खाली बसवलं. आम्ही दोघी गणपतसमोर बसून राहिलो. ओंकारनं खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीला लावला. गणपतनं माझ्याकडं बघितलं, मग वहीकडं, मग दीपश्रीकडं. शेवटी त्यानं ताट पुढं ओढलं.

गार आमटीभात खायला वेळ लागतो. घास गिळताना त्याचं तोंड वाकडं होत होतं, आणि मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही. शेवटचे चार घास राहिले तेव्हा तो थांबला. ताटाकडं बघतच, अगदी वेगळ्या आवाजात त्यानं विचारलं, "रोज माझ्या ताटात एवढं उरतं होय ग?"

"उरत कधीच नव्हतं," मी म्हणाले. "मी खात होते. मग गाय."

दीपश्रीनं मान वर केली. नव्या नवरीचं हसू आता तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"आणि पाडव्यापासून मी, मामा," ती म्हणाली.