साखरेची पुरचुंडी

साजगावचे पाहुणे ओसरीवर टेकले, तेव्हा कुमुदने उकळत्या पाण्यात चहाची पूड टाकली आणि साखरेचा डबा उचलून पाठीमागच्या कोनाड्यात सरकवला.

रेशनची साखर घराघरातून वाटी-वाटी मागून मोतीबाईंनी तो डबा भरला होता. त्यांच्या लेकीचा, अंबूचा, आज साखरपुडा. "चहा तुझ्या हाती, सूनबाई," त्या सकाळीच म्हणाल्या होत्या. "गोडमिट्ट कर. कारखान्यातला मुलगा हाय. फिका चहा पाजला तर साजगावभर बोभाटा करतील."

मोतीबाई म्हणजे कुमुदच्या नवऱ्याची सख्खी आत्या. कुमुद नेरळला शाळेत शिकवायला जायची, तेव्हा तिचा तीन वर्षांचा लडकू त्यांच्याकडेच असायचा. "आत्याबाई, साखर तेवढी देऊ नका. दुधात नको, भाकरीवरही नको," असं कुमुदने हात जोडून सांगितलं होतं. आत्याबाई मान डोलवायच्या. मग एक दिवस लडकूच्या गोधडीत मुंग्यांची रांग दिसली आणि तिच्या टोकाला चिंधीत बांधलेली, चोखून चिकट झालेली साखरेची पुरचुंडी. पोर रडलं की तोंडात पुरचुंडी, झोपलं तरी तोंडातच! पुढचे दात काळे पडून झिजले, हिरडीत पू झाला, ताप चढला. कल्याणच्या डॉक्टरांनी दात उपटले, तेव्हा लडकूला दाबून धरणारे हात कुमुदचेच होते.

"दुधाचे तर दात, परत येतील की," आत्याबाई म्हणाल्या. तेही तिने गिळलं असतं. पण विहिरीवर त्या बोलून आल्या, "आईचंच दूध नासकं. त्यात बाई दिवसभर नोकरीवर. पोराचे दात राहतील कसे?" बायकांनी ते घरोघर नेलं. तेव्हापासून कुमुद वाट बघत होती.

चहा झाला. तिने एक कप गाळला. "आत्याबाई, जरा चव बघता?"

मोतीबाई नव्या लुगड्याचा पदर सावरत आल्या. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं. "अगं, साकर इसरलीस!"

"विसरले नाही."

"मंग घाल की! पाहुनं खोळंबलेत."

"माजघरात विहिरीवरच्या बायका बसल्यात ना? त्यांना सांगा, लडकूचे दात कशानं गेले. मग घालते."

"आज? चार पाहुण्यांत?" मोतीबाईंचा आवाज खाली आला. "येड लागलं का गं तुला? डबा दे इकडं."

कुमुद कोनाड्याला पाठ लावून उभी राहिली. "ओढा. भांडी पडतील, पाहुणे आत येतील. मग मीच सांगेन, अगदी नीट."

"पोरगं रडायचं गं. मी म्हातारी, किती येळ कडंवर घेनार?"

"मग विहिरीवर असंच का नाही सांगितलंत?"

ओसरीवरून कुणीतरी खिदळलं, "विहीणबाई, चहा आसामातनं येतोय काय?"

मोतीबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि त्या माजघरात गेल्या. कुमुद दाराशी उभी राहिली.

"बायांनो, लडकूचे दात मी घालवले. सूनबाई नको म्हनत असताना साकर चोखवली. तिच्या दुधाला नाव ठेवलं, ते खोटं."

बांगड्यांची किणकिण थांबली. बायकांत बसलेली नवऱ्या मुलाची आई गोंधळली. "आता हे काय मधीच?"

"मनात व्हतं," मोतीबाई म्हणाल्या.

कुमुदने साखर घातली, ढवळली, कप भरले. आता तरी राग उतरेल असं तिला वाटलं होतं. पण लडकू तिच्या पदराला धरून बोळकं पसरून हसला आणि राग होता तिथेच राहिला.

ट्रे फिरला. शेवटी तिने मघाचा, गार झालेला कप मोतीबाईंपुढे धरला. "हा तुमचा राहिलाय."

"कसा झालाय हो चहा?" मुलाच्या आईने विचारलं.

मोतीबाईंनी कुमुदकडे पाहिलं. "ग्वाड झालाय," त्या म्हणाल्या आणि प्यायल्या. कपाचा तळ दिसेपर्यंत कुमुद तिथून हलली नाही.

"अजून देऊ, आत्याबाई?"