घरमालकीण

"पुढचं बोल ना," हर्षला म्हणाली.

समोर सदफ भाडेकरणीच्या भूमिकेत, हातात रिकामी बादली घेऊन उभी होती. तिने बडेकर सरांकडे पाहिलं. सर खुर्चीवरून उठले.

"हर्षला, ते वाक्य काढून टाकू या. मीच लिहिलंय, मीच काढतो."

वाक्य घरमालकिणीचं, म्हणजे हर्षलाच्या भूमिकेचं होतं. पाण्यावरून भांडता भांडता ती विधवा बाई म्हणते, "आमचे हे गेले ते बरंच झालं, साखरेचा डबा तरी महिनाभर पुरतो!" नाटक बसवायला घेतलं तेव्हा या वाक्यावर सगळे हसायचे. मग कुंभिवलीच्या कारखान्यातून मोटरसायकलवर घरी येताना हर्षलाचे वडील, सहदेव, ट्रकखाली गेले. तेराव्यानंतर ती कॉलेजात परतली, आणि आता ते वाक्य आलं की सगळे आपापल्या चपलांकडे बघत.

"काढू नका सर. मला काय होत नाय."

ते खरंच होतं. तिला काहीच होत नव्हतं. कर्जतजवळचं ते लहानसं कॉलेज, फक्त कला शाखेचं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात जेमतेम पाच जण. शिकवणाऱ्यांचा आवाज तिला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येई. ती लिहून घेई, डबा खाई, हात धुई. कसली भाजी होती ते संध्याकाळी आठवत नसे. मुली तिच्याशी बारीक आवाजात बोलत, बाकावर तिला जास्तीची जागा सोडत. घरी बायका म्हणत, "रड गं पोरी एकदा." ती मान हलवायची आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठायची.

नाटकात मात्र कुणाला तरी तिच्यावर ओरडावंच लागे.

तालमीनंतर सदफने तिला जिन्यात गाठलं. "मला नाय जमत गं. तुझ्यावर ओरडायला गेलं की पुढचं वाक्यच आठवत नाय."

"तू तरी ओरड. सगळे माझ्याशी दवाखान्यात बोलल्यासारखं बोलतात."

दुसऱ्या दिवशी तालमीत सदफने बादली अशी आपटली की कडीच निखळली.

"तुझं नाटक कदी हाय?" आईने, जिजाने, विचारलं. ती तांदूळ निवडत होती.

"शनिवारी. तू नको येऊ."

"का गं?"

"लोक बोलतील. आन् त्यात एक वाक्य हाय."

"कसलं?"

हर्षलाही तांदूळ निवडायला बसली. नवरा गेल्यापासून जिजा पळसदरीच्या घराचा उंबरठा ओलांडून बाहेर पडली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी पडदा सरकला तेव्हा मागच्या दाराजवळच्या खुर्चीत आई बसलेली हर्षलाला दिसली. एकटीच, डोक्यावरून पदर घेतलेली. विंगेतून बडेकर सर हाताने खुणावत होते, सोड, ते सोडून दे. सदफ ओरडली. हर्षला कमरेवर हात ठेवून पुढे आली आणि तिने वाक्य म्हटलं.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सहदेव सगळ्यांच्या ओळखीचे होते.

आणि मागून एक हसू फुटलं. जिजाचं. पदर तोंडाशी न्यायच्या आत निसटलेलं. लोकांनी माना वळवल्या. एका म्हातारीने तोंडावर हात ठेवला. जिजाने पदर खाली घेतला, मान ताठ केली आणि रंगमंचाकडे बघत राहिली. मग कुठेकुठे लोक हसले, बिचकत बिचकत. सदफने पुढचं वाक्य उचललं.

परतताना दोघी रिक्षात बसल्या.

"तुला राग नाय आला?" हर्षलाने विचारलं.

"राग कसला? चार चार चमचे घ्यायचे तुजे बाबा. वर म्हनायचे, गोड नाय झाला."

हर्षलाच्या चेहऱ्यावर घरमालकिणीच्या सुरकुत्या तशाच होत्या, काजळाने ओढलेल्या. जिजाने पदराचं टोक ओठांनी ओलं केलं.

"हिकडं बघ. डोळे मिट."

हर्षलाने डोळे मिटले. पदर जाडाभरडा होता, गालाला खरखरत होता. तिला ते लागलं.

"दुखतंय," ती म्हणाली.

"हां," जिजा म्हणाली, आणि पुसत राहिली.