धारजाई आणि सोनजाईची वाटणी

धरणाची भिंत उंच होणार, गाव पाण्याखाली जाणार हे ठरलं, तसं गावानं देवांचीही वाटणी करायला घेतली. निम्मी घरं वर वेल्ह्याच्या डोंगरात, निम्मी खाली शिरवळकडं. मारुती वरच्यांना, म्हसोबा खालच्यांना. राहिल्या धारजाई आणि सोनजाई. एकमेकींना टेकून बसलेल्या दोन शिळा, दोघींना मिळून एकच लुगडं.

ते लुगडं नेसवायचा मान सारजाच्या आईचा, बाळाबाईचा. ती महिन्यापूर्वी गेली. नेसवताना पुरुषांना देवळाबाहेर काढून ती गाणं म्हणायची. गाण्यात भैरोबाची हळद लागलेली धारजाई मांडवातून उठली, नदी उतरून सोनजाईकडं गेली. तिच्या तोंडचा विडा हिच्या ओठांवर रंगला. वरात दाराशी आली, तेव्हा मिठी सुटू नये म्हणून दोघी दगड झाल्या. हे गाणं बाईनं बाईलाच द्यायचं, बाप्याच्या कानी घालायचं नाही. आता ते म्हणणारी एकटी सारजा उरली होती.

चिमाजी पाटील पहार घेऊन शिळांशी आला, सोबत कुंडलिक गुरव.

"पाटील, दोघींना एकाच गाडीत घाला," सारजा म्हणाली. "वर न्या न्हाईतर खाली न्या."

"बहिणीच त्या. बहिणी काय जल्मभर एका घरात नांदत्यात व्हय?"

"बहिणी न्हाईत."

"मग कोण? जावा?"

मागं हशा पिकला. सारजानं फुलाबाईकडं पाहिलं, ठकुबाईकडं पाहिलं. दोघी वर्षानुवर्षं ते गाणं ऐकत आलेल्या. दोघींनी पदर तोंडाशी धरले. मग सारजानंच भर माणसांत सगळं सांगितलं, विड्यासकट.

"आईच्या दुःखानं डोकं फिरलंय पोरीचं," कुंडलिक म्हणाला. "बाई बाईची कशी व्हईल?"

पहार दोन शिळांमधल्या फटीत गेली. लुगडं टरकलं.

सारजाच्या अंगात कधी वारं आलं नव्हतं. तिनं अंबाडा सोडला, खाली बसली आणि घुमायला लागली. "मला हिच्यापास्नं तोडाल तर कुणाच्या दारात उभी ऱ्हायची न्हाई."

चिमाजीनं पहार टाकून कान धरले. कुंडलिक मुरलेला माणूस. त्यानं तिच्या तळहातावर कापूर ठेवून पेटवला. देवी असेल तर भाजणार नाही. कातडीचा वास सुटला तरी सारजानं हात हलवला नाही. देवी आली नव्हती. आईचं सरणही कापरानंच पेटवलं होतं, एवढंच तिला दिसत होतं.

देवीच आहे, हे गावानं मानलं. पण मग भांडण जुंपलं. दोघी खाली गेल्या तर आमच्याकडं काय उरलं, वरचे म्हणाले. खालच्यांचंही तेच. काठ्या निघाल्या. शेवटी चिमाजी तिच्यापुढं हात जोडून वाकला.

"आई, तुमी दोघी हितंच ऱ्हावा. कुणीच न्हेत न्हाई."

सारजाचं घुमणं थांबलं. दोघी पाण्याखाली जातील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. सारजा म्हणून बोलावं, तर ऐकणार कोण? देवी म्हणून एक बाजू घ्यावी, तर दुसरी बाजू पहार उचलणार. कुंडलिकाच्या हातात कापराची दुसरी वडी तयार होती.

"बरं," ती देवीच्या आवाजात म्हणाली.

लोक तिच्या पाया पडले आणि गाड्या भरायला गेले.