'अहो' वगळून

यज्ञेश्वर लिमयांना सूर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पण कोथरूडमधल्या त्यांच्या फ्लॅटइतकं शिस्तीत लावलेलं गाणं अख्ख्या पुण्यात दुसरीकडे सापडलं नसतं. गाणं बायकोचं, शिस्त यांची. हेमाताई आसपासच्या मुलींना शिकवायच्या आणि सकाळ-संध्याकाळचा स्वतःचा रियाज कॅसेटवर टेप करायच्या, आपल्या चुका आपल्याला कळाव्यात म्हणून. अशा कॅसेटींनी दिवाण गच्च भरला होता. यज्ञेश्वरांची हयात विजेचे मीटर तपासण्यात गेलेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते त्या दिवाणाकडे वळले.

त्यांच्या मुलीने, अवनीने, संगणकावर गाणी सांभाळणारं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. ते भलतंच हुशार निघालं. दोन अक्षरं टाइप केली की गाणं हजर. पण हुशार माणसासारखे त्याचे नखरेही होते. राग हा प्रकार त्याच्या गावीच नव्हता. अल्बमचं नाव विचारल्याशिवाय ते पुढे सरकत नसे. यज्ञेश्वरांनी मग अल्बमच्या रकान्यात राग लिहिला आणि संगीतकाराच्या रकान्यात ताल. पहिली कॅसेट संगणकावर चढवली तेव्हा त्याने पडद्यावर छापलं, 'कलाकार: अज्ञात'.

"खोटं काय आहे त्यात?" हेमाताई मागून वाचत म्हणाल्या आणि हसत स्वयंपाकघरात गेल्या. यज्ञेश्वरांना मात्र ते फार लागलं. त्यांनी चिकाटीने बसून प्रत्येक गाण्यापुढे बायकोचं पूर्ण नाव घातलं.

टेपांत गाण्याखेरीजही बरंच काही होतं. कुकरच्या शिट्ट्या होत्या, कचऱ्याची घंटागाडी होती, आणि सगळ्यांत जास्त काय असेल तर 'अहो' होतं. हेमाताईंनी नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. तानपुऱ्यावरचं बोट न थांबवता, आलापाच्या ऐन मध्यावर त्या हाक मारायच्या, "अहो, दूध!" किंवा "अहो, दार वाजतंय!" आणि जिथे सोडला होता त्याच सुरावर परत जाऊन बसायच्या.

मीटर तपासणाऱ्या माणसाला हे कसं खपावं? सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची रेघ दिसायची आणि तीत 'अहो' नेमकं वर डोकं काढून उभं असायचं. एकदा नमुना दाखवला, की तसे सगळे आवाज ते स्वतःहून हुडकून पुढच्या बोलण्यासकट कापून टाकायचं. यज्ञेश्वर खूश झाले. त्यांनी सगळा दिवाण त्यातून चाळून काढला.

"मधलं काय झालं हो?" एक दिवस ऐकताना हेमाताईंनी विचारलं.

"काढलं. कचरा होता."

"म्हणजे मी?"

"तू नाही गं, तुझं बोलणं."

"छान! लग्नानंतर इतक्या वर्षांनी उपाय सापडला म्हणायचा," हेमाताई म्हणाल्या. घराचं रंगकाम काढलं तेव्हा बुरशी आलेल्या कॅसेटी भंगारात गेल्या. पोती दाराबाहेर जाताना त्यांनी तेवढं विचारलं, "सगळं आलंय ना त्यात?"

"सगळं आलंय. उलट टेपपेक्षा स्वच्छ."

पुढे हेमाताई आजारी पडल्या आणि गेल्या. यज्ञेश्वर रडले, पण खचले नाहीत. त्याला कारण ती लायब्ररी होती. सकाळी तोडी लावायची, संध्याकाळी यमन. सॉफ्टवेअरला वेळेचं भान नव्हतं. त्याच्यावर सोडलं तर ते भर दुपारी भैरव लावायचं. म्हणून त्यांनी प्रहरांप्रमाणे याद्या केल्या होत्या. हेमा घरात आहे, फक्त गाण्याच्या खोलीत आहे, असं धरून त्यांनी ते वर्ष काढलं.

वर्षश्राद्ध झालं, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी विद्यार्थिनी घरी जमल्या. यज्ञेश्वरांनी अभिमानाने एकेक राग ऐकवला. मुली डोळे पुसत होत्या. तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यांत जुनी, पूर्वा, म्हणाली, "काका, एखादं 'अहो'वालं रेकॉर्डिंग लावा ना."

"म्हणजे?"

"ताई मध्येच तुम्हाला हाक मारायच्या ते. आम्ही सगळ्या घरी जाऊन त्याची नक्कल करायचो. ती हाकसुद्धा सुरातच असायची हो!" आणि पूर्वाने नक्कल करून दाखवली, "अऽहो!" मुली खळखळून हसल्या.

"असं नाही," यज्ञेश्वर पटकन म्हणाले.

"मग कसं?"

त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. 'हो' वर जायचा की खाली यायचा? 'अ' लांब होता की आखूड? सारा संसार ज्या हाकेवर उठण्याबसण्यात गेला, ती हाक त्यांना आठवेना. कानांत आता पूर्वाचंच 'अहो' येऊन बसलं होतं.

"चहा टाकतो," असं काहीतरी पुटपुटत ते आत गेले. मुली गेल्या तेव्हा गॅस पेटवलेलासुद्धा नव्हता.

त्यांनी अवनीला बोलावून घेतलं. ती तासाभरात आली आणि संगणकासमोर बसली. "बाबा, तुम्ही कापून मूळ फाइलवरच सेव्ह केलंय. आता ते मागे नाही जात."

"पण प्रत आहे ना? तुझ्याकडेही आहे."

अवनीने मान खाली घातली. इथे केलेला बदल प्रतीतही आपोआप व्हायचा. याच सोयीचं यज्ञेश्वरांनी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत तोंडभर कौतुक केलं होतं.

"फोनमध्ये असेल. एखाद्या व्हिडिओत?"

दोघांनी फोन धुंडाळले. आई होती. वाढदिवसाला औक्षण करत होती, अवनीला भाजीची कृती सांगत होती, "बरं, ठेवते" म्हणत होती. 'अहो' कुठेच नव्हतं. कॅमेरा पाहिला की ती चारचौघांतली हेमा व्हायची. ती हाक फक्त या खोलीतून त्या खोलीत जाण्यापुरती होती.

"आई गातेय ना बाबा सगळ्यात," अवनी म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता.

"गाते गं. पण ते सगळ्यांसाठी गाणं. माझं तेवढंच होतं त्यात."

अवनी निरोप घेऊन गेली. यज्ञेश्वरांनी हेडफोन चढवले आणि हेमाताईंचा आवडता भूप लावला. यंत्र आहे, एखादं 'अहो' निसटलंही असेल, अर्धंमुर्धं का होईना. आवाज पूर्ण मोठा करून ते प्रत्येक सांध्याशी थांबत, मागे जात, पुन्हा ऐकत राहिले. सॉफ्टवेअरचं काम चोख होतं. हाक जिथे असायला हवी तिथे काही नव्हतं, नुसता तानपुरा.

आणि मग एका सांध्यानंतर, तानपुऱ्याच्या मागून, लांबच्या खोलीतून एक बारीक आवाज आला. इतका बारीक, की तो त्या रेघेत वर आलाच नसणार, म्हणून सुटला. यज्ञेश्वर पुढे वाकले. त्यांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलं.

"टेप चालू आहे ना तुझा? गप्प बस जरा."

आवाज त्यांचाच होता.

हेमाताई पुन्हा त्याच सुरावर जाऊन बसल्या होत्या. यज्ञेश्वर डोळे गच्च मिटून रडले, कुणी ऐकेल याची पर्वा न करता, लहान मुलासारखे. मग त्यांनी तोंड पुसलं आणि तोच भूप पुन्हा सुरुवातीपासून लावला. कापलेली जागा आता त्यांना पाठ झाली होती. ती आली तसे ते रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले, "काय गं?"

आणि कान देऊन बसले. लांबच्या खोलीतून कुणीतरी तिला गप्प बसायला सांगितलं, आणि भूप पुढे सरकला.