सरकलेली ओळ

या, जरा जवळ सरकून बसा. बुवांचा मृदंगवाला अजून यायचाय, तोवर एक गोष्ट सांगते. गोड नाही हं, आधीच सांगून ठेवते.

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत माझ्या समोरच्या दारी शेवंताबाई राहतात. इथल्याच, गावठाणातल्या. आमची इमारत उभी आहे तिथं त्यांच्या सासऱ्यांचं भात पिकायचं. नात राजनंदिनी नववीत. क्लासवाल्यांनी दिलेली अवघड इंग्रजी शब्दांची झेरॉक्स पोर नामजपासारखी घोळवायची. मी ऐकून मान डोलवायचे. अर्थ मला कुठला कळायला!

गणपतीत इंग्रजी भाषणाची स्पर्धा झाली. राजनंदिनीचा विषय ‘माझी आजी’. तिला म्हणायचं होतं, आजी इथली मूळची, ‘इंडिजिनस’. पण झेरॉक्स तिरकी आलेली, अर्थ एक ओळ खाली सरकलेले. पोर ठासून म्हणाली, ‘इंडिजेंट’. म्हणजे कंगाल! लोक हसले असते तर परवडलं असतं. त्यांना दया आली.

दुसऱ्या दिवशी कमिटीच्या स्मिता मॅडम पिशवी घेऊन दारात हजर. सोबत दोघी, मोबाइल सरसावून. पिशवीतून जुन्या साड्या निघाल्या. एकीवर वाळलेलं वरण, दुसरीला घामाचा आंबूस वास. शिसारी आली हो! उष्टं पान नैवेद्य म्हणून देवापुढं सारावं, तसं.

“आजी, पिशवी धरून इकडं बघा. ग्रुपवर टाकायचंय.”

“कशाला गो?”

“लाजू नका. नातीनंच सांगितलं ना काल, तुमचे हाल.”

राजनंदिनी रडतच बाहेर आली. सकाळी क्लासात तिला चूक कळली होती. तिनं सगळं सांगून टाकलं. “आजी, मी पुन्हा कधी इंग्लिशमध्ये तोंड उघडणार नाही.”

“अय्या, असं होय!” स्मिता मॅडम म्हणाल्या. “बरं, आणल्याच आहेत तर राहू द्या. कामवालीला द्या.”

थुंकावंसं वाटलं मला. देवाची शपथ.

शेवंताबाईंनी पिशवी उचलली, मॅडमच्या हातात कोंबली आणि नातीला पुढं ओढलं. “मी कोन हाय, तो खरा शब्द सांग गो बाय.”

“इंडिजिनस.”

“मोठ्यान सांग. यांना ऐकू नाय गेला.”

“इंडिजिनस!”

जिना दुमदुमला. मोबाइल खाली गेले.

आले बघा मृदंगवाले. कुणाला लुगडं द्याल तर आधी धुवा, माझ्या बायांनो. आणि आरतीला हात जोडाल, तेव्हा आमच्या शेवंताबाईंची आठवण असू द्या.